आमच्या हिचं बावीस मिनिटांचं गाणं

मी कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करतो. तीस वर्षं हेच करतोय, दुसरं काही येत नाही. आमच्या भागात मला 'मशीनवाले काका' म्हणतात, आणि माझी ख्याती अशी की मी मशीन न बघता नुसत्या आवाजावरून दुखणं सांगतो. गिऱ्हाईक फोन मशीनला लावतं, मी इकडे दुकानात डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, "बेअरिंग गेलंय." दहातल्या सात वेळा बेअरिंगच गेलेलं असतं. उरलेल्या तीन वेळा मी त्यांच्या घरी जातो, चेहरा गंभीर करतो आणि सांगतो, "बेअरिंगवर जाणारच होतं, थोडक्यात वाचलं." लोक मान डोलावतात. अशा रीतीने मी मोठा झालो.

तर एवढा तयार कान असलेल्या या माणसाच्या घरात त्याची सख्खी बायको आठ महिने एक संगीत ऐकत होती आणि याला पत्ता नव्हता.

आमची ही इस्पितळात टेलिफोनवर बसते. विभाग तक्रारींचा. सकाळी आठ ते दुपारी तीन लोक तिच्यावर ओरडतात. कुणाचा रिपोर्ट हरवलेला, कुणाला खाट मिळालेली नाही, कुणाशी डॉक्टर तुसडेपणाने बोललेला. आणि ही तिकडून साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणते, "मी समजू शकते. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आणखी काही मदत करू का?" एकोणीस वर्षं ती हे म्हणतेय. घरी आली की चहा घेते, कानांवर मोठे हेडफोन चढवते आणि खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसते. चेहऱ्यावर अशी शांती की मला वाटायचं, जुनी गोड गाणी ऐकत असेल बिचारी. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी त्या वेळात समोर बसून तिला दिवसभरात कुठल्या मशीनचा कुठला पंप तुंबला ते सांगायचो. ती मान हलवायची. ती मान ड्रमच्या ठोक्यावर हलायची, हे मला नंतर कळलं.

मग एके दिवशी हिने स्वतःच्या पगारातून दोन भलेमोठे स्पीकर आणले. योगायोगाने त्या रविवारी मेहुणी आणि साडू आले होते. मेहुणी म्हणाली, "ताई, लाव की, आम्हालाही ऐकू दे." ही जरा लाजली. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तिला लाजताना फार कमी वेळा पाहिलंय. मग तिने लावलं.

आधी मला वाटलं, सुरूच व्हायचंय. कुठूनतरी लांबून एक गिटार टुणटुणत होती. मग अचानक सगळेच आले. दोन गिटारी, त्यांच्या खाली कसलातरी जाड घुमणारा आवाज, आणि ड्रम असा, की कुणीतरी दणादण जिना उतरतंय, मध्येच पडतंय, उठून पुन्हा उतरतंय. त्यात तो गाणारा. गाणारा आपलं म्हणायचं. तो पोटातून असा गुरगुरला की साडूने दोन्ही पाय सोफ्यावर घेतले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आवाजातला तज्ज्ञ मी. गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही. मी डोळे मिटले, एक हात वर केला आणि म्हणालो, "बेअरिंग गेलंय."

मेहुणी हसून लोळली. साडूला ठसका लागला. मीही आपल्याच विनोदावर खूश होऊन हसत होतो. हिने गाणं बंद केलं, "चहा ठेवते" म्हणाली आणि आत गेली. पाहुणे गेल्यावरही ती त्याबद्दल काही बोलली नाही. मला वाटलं, चला, विषय संपला. बायकोने विषय काढला नाही म्हणजे तो संपला असं ज्याला वाटतं, त्याचं लग्न नुकतंच झालेलं असतं. माझ्याकडे तर तीही सबब नव्हती.

आठवड्याने जेवताना ती म्हणाली, "तो बँड इथे येतोय. तीन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळी पाचला. मी दोन तिकिटं काढलीत."

"अरे वा," मी म्हणालो, "म्हणजे आपण..."

"एक माझं. दुसऱ्याचं ठरायचंय. आमचा एक्स-रेवाला येतो म्हणतोय."

हा एक्स-रेवाला कोण? म्हणजे मला तो माहीत होता. इस्पितळात एक्स-रे काढतो, पंचेचाळिशीचा, वर चकचकीत टक्कल आणि मागे वीतभर शेंडीसारखी पोनी. त्याच्याबद्दल वाकडं मनात येण्यासारखं काही नव्हतं. तरी आलं.

"मी आहे ना," मी म्हणालो.

"तुम्ही?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "अहो, तुम्हाला एक गाणं तरी मध्ये न बोलता ऐकवेल का? त्यांचं शेवटचं गाणं बावीस मिनिटांचं आहे."

"त्यात काय मोठंसं!"

"मग ऐकून दाखवा. आदल्या दिवशी, शनिवारी, माझ्यासमोर. जमलं तर चला. नाहीतर तो आहेच."

त्या दिवशी अंथरुणावर पडल्यापडल्या मला खरंच भीती वाटली. उगीच मोठेपणा कशाला सांगू? ही रोज चार वाजता त्या खुर्चीत बसून कुठेतरी जात होती, जेवणाच्या वेळी परत येत होती, आणि मला तिथला पत्ताही माहीत नव्हता. आज गाण्याला दुसरा कुणी सोबत असेल, उद्या आणखी कशाला असेल. मग मी पंपाचं कुणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी मी नाक मुठीत धरून इस्पितळाच्या कँटीनमध्ये त्या एक्स-रेवाल्याला गाठलं. म्हटलं, हिला सांगू नका, पण मला हे शिकवा.

तो हसला नाही. उलट पेशंटला श्वास रोखायला सांगावं तसा गंभीर होऊन सांगायला लागला. "काका, याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. गाणं एका जागी थांबत नाही, आणि पुढे कुठे जाईल ते आधी कळत नाही."

"म्हणजे आमच्या साडूच्या बोलण्यासारखं."

"तसं नाही. हे शेवटी पोचतं." मग तो बोटांवर मोजायला लागला. "एक, मोठ्या गाण्यापासून सुरुवात करायची नाही. त्यांच्या तिसऱ्या अल्बममधलं दुसरं गाणं घ्या, सहा मिनिटांचं आहे. आठवडाभर तेवढंच. दोन, सगळं एकदम ऐकायला जाऊ नका. एकदा नुसता ड्रम ऐका, एकदा नुसती खालची बेस गिटार. तीन, पहिल्यांदा काही कळणार नाही, दुसऱ्यांदा राग येईल. तिसऱ्यांदा चाल सापडेल."

"आणि ते गुरगुरणं?"

"त्याची घाई नाही. ते आपोआप लागतं."

मी उठता उठता सहज विचारलं, "हिला कशी काय गोडी लागली हो?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. आठ महिन्यांपूर्वी फोनवर एक माणूस मॅडमना फार घाण बोलला. अर्धा तास. त्यांना ठेवता येत नाही ना फोन. नंतर त्या मागच्या जिन्यावर रडत बसल्या होत्या. मला काय बोलावं सुचेना, म्हणून माझे हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. म्हणाल्या, 'हा गाणारा माझ्या वाटणीचं ओरडतोय.'"

मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी तिला काय सांगत बसलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही, पण पंप असणारच.

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसाने सांगितलेलं सहा मिनिटांचं गाणं घेतलं असतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी म्हटलं, परीक्षा बावीस मिनिटांची आहे ना, मग अभ्यास बावीस मिनिटांचाच करायचा, सहाचं पोरखेळाचं गाणं हवं कशाला. मंगळवारी माझी सुट्टी असते आणि ही कामावर. मी तिच्या स्पीकरवर ते बावीस मिनिटांचं लावलं आणि तिच्याच खुर्चीत बसलो.

चौथ्या मिनिटाला मी उठून पाणी प्यायलो. सहाव्याला खिडकीची कडी घट्ट केली. नवव्या मिनिटाला मात्र माझे कान टवकारले. खालून एक घरघर येत होती. लांबलचक, थरथरती, टेबल हलवणारी. संगीतातलं मला काही कळत नसेल, पण घरघर मला कळते. मी पेचकस आणला. आमच्या धंद्यात पेचकसाचं टोक मशीनच्या अंगाला लावतात आणि मूठ कानाला. डॉक्टरांची नळी, तसा आमचा पेचकस. तसाच तो स्पीकरला लावला. घरघर आतूनच होती. मागे हात फिरवला, तर तिथे वाटीएवढं गोल भोक! आणि त्यातून भसाभस हवा बाहेर येत होती.

आता तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय: जिथून गळतंय तिथे सिलिकॉन भरायचं. माझं मन भरून आलं. बिचारीने एवढे पैसे घालून गळके स्पीकर आणले आणि तिला कळलंही नाही! मी दोन्ही स्पीकर खोलले, आत मशीनच्या आवाजाला लावतो ती जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी ठासून बसवली, भोकांवर पत्र्याच्या चकत्या ठेवल्या आणि कडेने सिलिकॉन असं सफाईने फिरवलं की बघत राहावं. पुन्हा लावून बघितलं. घरघर गायब. मी स्वतःचीच पाठ थोपटली आणि चार वाजायची वाट बघत बसलो.

ही आली. मी म्हटलं, "आज हेडफोन नको. स्पीकरवर लाव. गंमत आहे."

तिने लावलं. अर्धं मिनिट ऐकलं. उठून स्पीकरमागे वाकून बघितलं. चकतीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मी समजू शकते. तुमचा हेतू चांगला होता."

अहो, हा तो आवाज होता! इस्पितळातला! ती चिडली असती, भांडली असती, चार भांडी आपटली असती तरी मला चाललं असतं. सत्तावीस वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात कधी बोलली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

"अगं, गळत होतं ते," मी म्हणालो.

"हो का. बरं झालं सांगितलंत," ती गोड आवाजात म्हणाली आणि हेडफोन चढवून खुर्चीत बसली.

एक्स-रेवाल्याला फोन केला तर त्याने आधी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "काका, ते भोक बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेलं असतं. खालचा आवाज त्यातूनच येतो. ती घरघर म्हणजे बेस गिटार होती." मग जरा वेळाने, "सगळं सोडून तुम्ही नेमकी तीच बंद केलीत?"

पुढचे चार दिवस मी दुकानातून आलो की ब्लेड घेऊन ते सिलिकॉन खरवडत बसायचो. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी शिव्या घातल्या असत्या, की कुठल्या गाढवाने एवढं घट्ट भरलंय म्हणून. गाढव घरचंच होतं. ही शेजारून ये-जा करायची, "चहा हवाय का?" असं अगदी अदबीने विचारायची, आणि मला तो चहा नको व्हायचा.

दुकानात मात्र मी आता निमूटपणे सहा मिनिटांवर आलो होतो. आठवडाभर तेच. पहिल्या दिवशी काही कळलं नाही, दुसऱ्या दिवशी राग आला. एक्स-रेवाला शब्दाचा पक्का निघाला. मग मी नुसता ड्रम मोजायला लागलो. एक दोन तीन चार, एक दोन तीन, आणि चार म्हणायला जातो तर पुढचा 'एक' आलेला. आठवी पायरी समजून पाय टाकावा आणि जमीन लागावी, तसं दर वेळी. दोन दिवस मी म्हणत होतो की त्या ड्रमवाल्याचं चुकतंय. नाचता येईना, अंगण वाकडं! तिसऱ्या दिवशी सातच मोजले आणि सगळं जागच्या जागी बसलं. मला एवढा आनंद झाला की एका बाईंच्या घरी, त्यांचं मशीन पिळणीवर असताना मी डोळे मिटून, मांडीवर हात आपटत सात मोजत उभा राहिलो. बाई घाबरून म्हणाल्या, "काका, पाणी देऊ का? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "नाही, नाही. तुमचं मशीन फार चांगलं वाजतंय." त्यांनी पुढच्या वेळी दुसरा मेकॅनिक बोलावला.

शनिवार उजाडला. स्पीकर पुन्हा जसे होते तसे झाले होते, कडेला थोडे ओरखडे सोडले तर. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "ती परीक्षा घेतेस का? तिकिटासाठी म्हणून नाही. तिकीट त्याला दे हवं तर."

तिने गाणं लावलं आणि तिच्या खुर्चीत बसली. मी समोर स्टूल घेतलं. हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण जित्याची खोड. खिशातला पेचकस आधीच स्वयंपाकघरात ठेवून आलो होतो.

लांबून गिटार आली. मग सगळे आले. मी ड्रम धरला, सुटला, पुन्हा धरला. नवव्या मिनिटाला ती घरघर आली, टेबल थरथरलं, आणि खरं सांगतो, ती नसती तर बाकीचे सगळे अधांतरी लोंबकळले असते एवढं मला कळलं. तोंडावर आलं होतं सांगायला. गिळलं. मग सगळं शांत झालं, नुसता एक पियानो. आणि चौदाव्या मिनिटाला तो माणूस गुरगुरला.

त्याच्याबरोबर ही गुरगुरली.

आमची ही! डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या, मानेच्या शिरा ताठ. असा आवाज की मी स्टुलावर मागे सरकलो. शब्द काय होते देव जाणे, पण चांगली चार मिनिटं ती पोटाच्या देठापासून ओरडत होती. त्या फोनवरच्या माणसाची मला कीव आली. मनात म्हटलं, हाण, चांगला हाण त्याला.

गाणं संपलं. बावीस मिनिटं झाली होती आणि मी एक अक्षर बोललो नव्हतो. पास झालो होतो. आता गुपचूप उठायचं की नाही? पण मला तिचं कौतुक वाटत होतं, म्हणून विचारलं, "कुणावर ओरडत होतीस गं? त्या फोनवाल्यावर?"

तिने डोळे उघडले. आवाज पार बसला होता.

"तो केव्हाच झाला," ती म्हणाली. "तुमच्यावर."

ओरडून झाल्यावरही 'तुमच्यावर'च म्हणाली, 'तुझ्यावर' नाही, हे आपलं माझं समाधान.

"माझ्यावर? स्पीकरसाठी?"

"आई गेली त्या दिवसासाठी. मी आतल्या खोलीत बसले होते. मला वाटत होतं, तुम्ही येऊन शेजारी बसाल. तुम्ही गीझर खोलून बसलात. दुपारभर. मला तुमचा पाना ऐकू येत होता."

अकरा वर्षं झाली त्याला. आणि अकरा वर्षं मी तो किस्सा लोकांना कौतुकाने सांगत आलोय, की सासूबाई गेल्या, घरात पंचवीस माणसं, गीझर नेमका बंद, पण पठ्ठ्याने दुपारभर खपून सगळ्यांना गरम पाणी दिलं. हिच्यासमोर सांगितलाय. तेव्हाही ती मान हलवायची.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. जिभेवर सगळं तयार होतं: पंचवीस माणसं, गार पाणी, आत थर्मोस्टॅट जळलेला, दुसरं कोण करणार होतं? तिला शेजारी माणूस हवा होता आणि मला गीझर सोपा वाटला, एवढंच खरं होतं. आत रडणारं माणूस असलं की मला कुठे पाना लावायचा ते कळत नाही. मी घाबरलो होतो तेव्हा. आत्ताही घाबरलो होतो.

मी स्टूल उचललं, तिच्या खुर्चीला लावून ठेवलं आणि बसलो.

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

"बावीस मिनिटांचं आहे."

"असू दे. चौदाव्या मिनिटापासून नको. पहिल्यापासून लाव."

तिने लावलं. या वेळी चौदावं मिनिट यायच्या आधीच, पियानो चालू असताना, ती रडायला लागली. ड्रम मोजत होतो तो मी सोडून दिला. हात मांडीखालून काढला, पण त्याचं काय करायचं ते मला ठरवता येईना. शेवटी तिनेच तो ओढून घेतला. गुरगुरणं आलं तेव्हा ती ओरडली, पण आवाज नव्हताच उरला, नुसती हवा आली. ती हवा कुणावर होती ते मी विचारलं नाही.

संपल्यावर तिने नाक पुसलं आणि त्या फाटक्या, बसलेल्या, कुठल्याच इस्पितळात चालणार नाही अशा आवाजात म्हणाली, "उद्या चारला निघायचं. मध्ये बोललात तर तिथेच सोडून येईन."

मी नुसती मान हलवली.